फ्रीजरमधला आठवडा

रविवारी सकाळी आईने नेहमीसारखं आठवड्याचं चिकन शिजवलं आणि सोमवारी सकाळी ती गेली. मधल्या रात्रीत सगळ्यांचे डबे फ्रीजरमध्ये नीट गोठले होते.

त्या रविवारी मी शिरूरच्या घरीच होते. कोंबडीवाल्याकडे गर्दी व्हायच्या आत आई पिशवी घेऊन जाऊन आली होती. नाना, म्हणजे माझे वडील, ओट्यापाशी स्टुलावर बसून लसूण सोलत होते. रेल्वेतून रिटायर झाल्यापासून स्वयंपाकघरातलं एवढंच एक खातं त्यांच्याकडे होतं आणि ते त्यांनी फार गंभीरपणे सांभाळलं होतं.

पद्धत आईच्या नोकरीच्या काळातली. सरकारी दवाखान्यात ती नर्स होती, आज सकाळ तर उद्या रात्र अशी ड्युटी. तेव्हा तिने ठरवून टाकलं, रविवारी एकदाच उभं राहायचं, मग आठवडाभर संध्याकाळी कुणी उभं राहायचं नाही. रिटायर झाल्यावर ड्युटी गेली, पद्धत राहिली. उलट वाढली. माझा भाऊ धम्मदीप आणि त्याची बायको सीमा कारेगावला राहतात, दोघंही कंपनीत, शिफ्ट उलटसुलट. त्यांचा आठवडा तिने आपल्या पातेल्यात ओढून घेतला. मी दौंडला कॉलेजात शिकवते, एकटी राहते. माझाही घेतला.

हळद, मीठ, आलं-लसूण लावून चिकन एकदाच उकडायचं. काही तुकडे त्या पाण्यासकट डब्यात, ते रश्शाचे. काही कांद्यावर परतून कोरडे, ते सुक्क्याचे. काही पिंजून ठेवायचे, ते माझ्या भाचीच्या, सोनमच्या, शाळेच्या पोळीत गुंडाळायला. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण बर्फाच्या ट्रेमध्ये. संध्याकाळी थकून आलेल्या माणसाने एक डबा आणि वाटणाच्या दोन वड्या कढईत सोडायच्या, भात लावायचा, जेवण तयार. एकदा नानांनी विम्याच्या माणसाला लिंबाच्या सरबतात बर्फ म्हणून ह्यातल्या दोन वड्या घालून दिल्या होत्या. माणूस सभ्य होता. त्याने ग्लास संपवला आणि पुन्हा आला नाही.

डबे म्हणजे श्रीखंडाचे, आइसक्रीमचे, घरात आले तसे. त्यांच्यावर ती काही लिहायची नाही. सीमाने एकदा चिकटवायच्या चिठ्ठ्या आणून दिल्या, तर म्हणाली, "दवाखान्यात जन्मभर बाटल्यांवर लिहिलं. आता घरातबी लिहू? माणसं वळखते, डबं वळखायला काय झालं?"

माझा डबा गोल, निळ्या झाकणाचा, एका माणसाचा.

"अजून एक तुकडा घे," ती दुपारी जेवताना म्हणाली.

"बास."

"रस्सा तरी घे."

"बास गं."

"दौंडला काय खातीस कुणाला ठाव."

आमच्या घरात कुणी 'अजून वाढ' म्हटल्याचं मला आठवत नाही. तशी वेळच यायची नाही. ताटात तळ दिसायच्या आत तिची पळी यायची, आणि आपलं काम फक्त हाताने ताट झाकायचं.

निघताना तिने निळ्या झाकणाचा डबा माझ्या पिशवीत घातला. मी काढून परत फ्रीजरमध्ये ठेवला. हेही दर खेपेचंच होतं. कधी ती जिंकायची, कधी मी.

"एसटी न्हावऱ्याच्या पुढं जाईपर्यंत त्याचं पाणी होतं, आई. पुढच्या रविवारी नेते."

"बरं. ठेवते तुझा."

सोमवारी सकाळी तिने चहा गाळला, नानांना हाक मारली आणि खुर्चीत बसली. नाना चूळ भरून येईपर्यंत ती गेलेली होती. चहा दोघांचा होता.

*

आत्या, म्हणजे नानांची थोरली बहीण ताईबाई, दौंडहून माझ्यासोबतच आली. भावजयीला पोचवून आल्यावर तिने पदर खोचला आणि गॅसची शेगडी ताब्यात घेतली. पेटवायला नाही, कुणी पेटवू नये म्हणून.

"जलदान होईस्तवर ह्या घरात चूल पेटायची न्हाई," ती म्हणाली.

"आत्या, आपण सुतक पाळत नाही," धम्मदीप म्हणाला.

"मी कुठं म्हन्ते पाळा? सुतक न्हाई. पर चूल न्हाई."

म्हाळूआजोबांनी, म्हणजे नानांच्या वडिलांनी, धर्मांतराच्या वर्षी देव भीमेत सोडले, उपास सोडले, सुतक सोडलं. आत्या तेव्हा लहान होती आणि ते सगळं तिनेच आम्हाला सांगितलेलं आहे. पण चुलीबद्दल आजोबा काही बोलले नव्हते. त्यामुळे चूल राहून गेली.

शेजारच्या अनिताकाकू पिठलं-भाकरी घेऊन आल्या. पंगत बसली. एवढ्यात सोनमने फ्रीज उघडून विचारलं, "आजीने आज काय ठरवलं होतं?"

मग तिनेच एका डब्याला हात लावला.

"मी गरम करते. मायक्रोवेव्हमध्ये काही पेटत नाही."

आत्याने त्या पांढऱ्या खोक्याकडे बराच वेळ पाहिलं. "त्यात लाइट लागतीया ना?"

"हो."

"मंग पेटतंयच की."

"तो बल्ब आहे, आत्याआजी."

"आन् मेलेल्या मान्साच्या हातचं खात्यात व्हय कुठं?"

"शिजवलं तेव्हा जिवंत होती," धम्मदीप म्हणाला.

"आता हाय का?"

मग नाना उठले. त्यांनी हॉलमधली प्लास्टिकची खुर्ची उचलली, स्वयंपाकघरात नेली, फ्रीजच्या दाराला पाठ लावून ठेवली आणि तिच्यावर बसले.

"तिनं शनिवारपातूर करून ठेवलंय," ते म्हणाले. "शनिवारपातूर मी हितंच हाय. मला कारेगावला न्ह्यायचं का दौंडला, ते रविवारी बोला."

"मग खा तरी, नाना," मी म्हटलं.

"आज सोमवार. सोमवारी रस्सा असतोय."

"त्यातला रस्सा कुठला?"

"ते तिला म्हाईत."

"मग कुठलाही काढू."

"आन् सुकं निघालं तर? समद्या आठवड्याचा इस्कोट व्हईल." ते खुर्चीत जरा सावरून बसले. "तिनं लावून ठेवलंय. आपुन हात लावायचा न्हाई."

त्या रात्री ते अनिताकाकूंनी दिलेल्या चहावर राहिले.

*

आत्याचं सरळ होतं. तिला भाऊ दौंडला हवा होता. तिथेच त्याची सगळी नोकरी झाली, यार्डातली जुनी माणसं अजून त्याला विचारतात, आणि तिच्या घरात मामा, म्हणजे तिचा नवरा, गेल्यापासून एक खाट रिकामी होती. येतानाच तिने सुनेला त्या खाटेवर नवी चादर घालायला सांगितलं होतं. आता मध्ये फक्त एक फ्रीज होता. डबे संपले, की खुर्ची उठणार. चिकन खाऊन संपावं की फेकून संपावं, ह्यावर तिचा काही हट्ट नव्हता. पण खाणं तिनेच अडवून ठेवलं होतं, म्हणून फेकावं, असं तिचं मत झालं.

धम्मदीप तिच्या बाजूला गेला. त्याला नाना कारेगावला हवे होते, पण आधी खुर्ची उठणं दोघांच्याही फायद्याचं होतं. कंपनीने रजा शुक्रवारपर्यंतच दिली होती.

सीमाने नानांची बाजू धरली, आणि ह्याचं सगळ्यांना नवल वाटलं. तिने मला नंतर सांगितलं ते असं. कारेगावचा फ्लॅट म्हणजे एक खोली आणि हॉल. हॉलमध्ये सोनमचा अभ्यास आणि नवऱ्याची झोप शिफ्टप्रमाणे आळीपाळीने चालते. नाना कुठे झोपणार, हा प्रश्न तिला पडलाच होता, तो ती लपवत नव्हती. पण मंगळवारी संध्याकाळी, कंपनीची बस सुटायच्या वेळेला, ती शिरूरच्या गच्चीवर कपडे काढत होती, आणि सवयीने तिच्या मनात आलं की आज मंगळवार, सुकं, फक्त भात लावायचा. मग तिच्या लक्षात आलं की ह्यापुढे मंगळवार नुसताच येत राहणार. तिथेच, चादरीच्या आड, ती रडली. आदल्या दिवशी नदीवरही ती रडली नव्हती.

"लाज वाटली हो ताई," ती म्हणाली. "माणूस गेलं, आणि मी चिकनवर रडतेय."

खाली येऊन तिने जाहीर केलं, की डबे टाकू देणार नाही. आत कशात काय आहे ते ओळखलं की झालं, नाना आपोआप जेवतील.

"उघडून बघू," धम्मदीप म्हणाला.

"उघडायचं न्हाई," नाना खुर्चीतून म्हणाले.

"मग कसं ओळखायचं?"

"हलवून बघा. रस्सा हालंल."

नानांनी खुर्ची तेवढ्यापुरती बाजूला केली. आम्ही सगळे डबे ओट्यावर मांडले, आणि एकेकाने एकेक उचलून कानाशी धरून हलवला. आत्यानेही. फेकायच्या बाजूची असून तिने सर्वांत जास्त डबे हलवले. ह्यातच अनिताकाकू भाकरी घेऊन दारात आल्या, थोडा वेळ थांबल्या आणि भाकरी खाली ठेवून हळूच गेल्या. आमचा काहीतरी विधी चालू आहे असं त्यांना वाटलं असावं.

गोठलेल्या रश्शाचा आवाज येत नाही. डबे परत आत गेले. खुर्ची परत जागेवर आली.

मी कुणाच्याच बाजूला नव्हते. निळ्या झाकणाचा डबा मी कानाशी धरला तेव्हा हलवला नाही, एवढंच.

*

आईच्या नावाचा जलदानविधी गुरुवारी ठेवला. सकाळी हॉलमध्ये पांढऱ्या चादरी घातल्या. बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली आईचा फोटो ठेवला, नोकरीतला, कॉलरपर्यंतच दिसणारा. बौद्धाचार्यांनी त्रिसरण-पंचशील घेतलं. प्राण्यांच्या हत्येपासून दूर राहण्याचं पहिलं शील सगळे एका आवाजात म्हणाले. त्याच वेळी आत, बंद दारामागे, तीन कोंबड्यांचा आठवडा होता आणि त्याला टेकून नाना बसले होते. हॉलमधलं सगळं ते तिथूनच म्हणत होते. त्यांचा आवाज जरा मागून यायचा.

माणसं पांगली. आत्याने शेगडीवरचा हात काढला, म्हणजे चूल मोकळी झाली. एवढ्यात नाना म्हणाले, "हिचा आवाज थांबला."

हिचा म्हणजे फ्रीजचा. गुरुवार म्हणजे दुरुस्तीसाठी लाइट जायचा दिवस. ती संध्याकाळपर्यंत येत नाही. आई दर गुरुवारी सकाळी फ्रीजरमध्ये बर्फाच्या पिशव्या रचून ठेवायची. ह्या गुरुवारी त्या कुणी रचल्या नव्हत्या.

नानांनी पाठ दाराला आणखी घट्ट लावली. जणू त्याने गारवा धरून राहणार होता.

"वितळलं तर संपलं, नाना," धम्मदीप म्हणाला. त्याच्या आवाजात थोडी आशा होती.

"संपू द्यायचं न्हाई."

"अहो पण का? काय आहे त्या डब्यांत एवढं?"

नानांनी डोकं मागे दाराला टेकवलं. "गाडी जाताना शेवटची बोगी बघायची असती," ते म्हणाले. "त्या बोगीला खूण असती. ती दिसल्याबिगर गाडी गेली असं म्हनायचं न्हाई. इंजिन कवाच पुढं गेलं असंल, त्याचा काय संबंध न्हाई. लाइन मोकळी न्हाई म्हंजी न्हाई." मग फ्रीजकडे अंगठ्याने दाखवलं. "शनिवार अजून आत हाय."

मग धम्मदीपने उठून कंपनीतून आलेला थर्माकोलचा मोठा खोका माळ्यावरून काढला. बाजू बदलताना माणूस काही बोलत नाही, खोका काढतो.

"अनिताकाकूंकडे इन्व्हर्टर आहे," सीमा म्हणाली.

काकूंनी दारातच हात जोडले. "सिस्टर मला बहिणीच्या जागी होत्या, गं. पण आज मार्गशीर्षातला गुरुवार. घट मांडलाय. चिकन कसं ठेवू फ्रीजात? उद्या आणा, आनंदानं ठेवते."

"उद्या लाइट असणार आहे, काकू."

"व्हय की," त्या म्हणाल्या आणि त्यांना खरंच वाईट वाटलं.

पायऱ्या उतरताना आत्या पुटपुटली, "चिकनचंच कारण हाय का दुसरं काय, इचार तिला."

"आत्या, त्या वीस वर्षं आपल्यात जेवतात."

"गुरवारच्या कवा जेवल्या?"

आळीतल्या ज्यांच्याकडे इन्व्हर्टर होता, त्यांच्या सगळ्यांकडे घट होता. शेवटी धम्मदीपला कोंबडीवाला आठवला. त्याचा डीप फ्रीझर आडवा, माणूस झोपेल एवढा.

स्कूटरवर खोका राहीना. मग चालतच निघालो. डबे आत रचून आईची पांढरी चादर वरून गुंडाळली, गारवा टिकावा म्हणून. खोका नानांनी कुणाला दिला नाही. ते पुढे, दोन्ही हातांत खोका, पांढरा सदरा, अनवाणी, कारण चप्पल घालायला हात मोकळे नव्हते. मागे आम्ही, सकाळच्याच पांढऱ्या कपड्यांत.

हे कसं दिसतं, ते कोपऱ्यावर पोचेपर्यंत आमच्यापैकी कुणाच्या लक्षात आलं नाही. पानवाला उठून उभा राहिला. रिक्षावाल्याने इंजिन बंद केलं. एका म्हाताऱ्या बाईने पुढे होऊन खोक्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि म्हणाली, "माझी पोरं हिच्याच हाताखाली झाली. लई देवमानूस."

"व्हय," नाना म्हणाले.

"नदीला निघालाय?"

"न्हाई. जरा पुढं."

एसटी स्टँडपाशी एका ट्रकवाल्याने गाडी थांबवून मागच्यांना हाताने थोपवलं. आम्ही रस्ता ओलांडला. कुणीतरी खोक्यावर झेंडूची माळ ठेवली. "काढ ती," धम्मदीप माझ्या कानाशी म्हणाला. "तू काढ," मी म्हटलं. सोनमने तोंडावर ओढणी धरली होती. ती रडतेय की हसतेय ते मी विचारलं नाही, कारण माझंही मला सांगता आलं नसतं.

कोंबडीवाल्याचं दुकान उघडं होतं, गिऱ्हाईक एकही नव्हतं. आम्हाला बघून त्याने डोक्यावरची टोपी काढली, गल्ल्यामागून बाहेर आला आणि हात जोडून उभा राहिला.

"रविवारी आल्या होत्या हो," तो म्हणाला. "ह्या फळीला हात टेकून उभ्या होत्या. मला म्हणाल्या, पायाचे तुकडे जास्त टाक, पोरीला आवडतात." त्याने खोक्याकडे पाहिलं. "अस्थी?"

"चिकन," नाना म्हणाले.

"काय?"

"तुमचंच हाय. तिनं शिजवलेलं. रातच्याला न्हेतो. तवर तुमच्या फ्रीझरात ठिवायचं."

कोंबडीवाल्याने टोपी परत डोक्यावर ठेवली, पुन्हा काढली. "ठेवलं असतं, साहेब. जागा पायजे तेवढी हाय." तो थांबला. "पर लाइट गावाची गेलीय. माझ्या एकट्याची कशी असंल?"

आम्ही सगळे त्याच्या आडव्या, मुक्या फ्रीझरकडे बघत राहिलो. मी कॉलेजात शिकवते. धम्मदीप मेंटेनन्सला आहे, वीज हेच त्याचं काम. आमच्यापैकी एकालाही हे सुचलं नव्हतं.

परत येताना माणसं पुन्हा उठून उभी राहिली. काहींच्या चेहऱ्यावर शंका होती. अस्थी परत येताना त्यांनी पाहिल्या नसाव्यात. ट्रकवाला गेला होता, आम्हाला रस्ता ओलांडायला वेळ लागला.

*

खोका ओट्यावर ठेवला तेव्हा थर्माकोलच्या कोपऱ्यातून पाणी येत होतं. आता हलवायची गरज नव्हती, डबे आपले आपण बोलत होते.

"नाना," सीमा म्हणाली, "आता नाही खाल्लं तर खराब होईल. त्यांनी केलेलं खराब करायचं?"

नाना चादरीवरची झेंडूची माळ काढून हातात घेऊन उभे होते. त्यांनी ती आईच्या फोटोला घातली, परत आले आणि सदऱ्याच्या बाह्या वर सारल्या.

"मोठं पातेलं काढ."

"कशातलं काय आहे ते बघून घेते."

"काय बघू नगो. समदा आठवडा एकदम टाक. समदी हायेत घरात."

त्यांनी गॅस पेटवला. तीन काड्या लागल्या. सीमाने डबे उघडून उपडे करायला सुरुवात केली. रस्सा, सुकं, पिंजलेलं, वाटणाच्या वड्या, जे येईल ते. निळ्या झाकणाचा डबा तिच्या हाती आला तेव्हा नानांनी तो काढून घेतला.

"हा गौतमीचा. येगळा गरम कर."

तो गरम पाण्यात ठेवायला मी छोटं पातेलं काढून दिलं.

"हे काय?" सोनमने पातेल्यात वाकून विचारलं. आत्ताच उपडा झालेला श्रीखंडाचा डबा रश्शात गुळगुळीत पांढरा पसरत होता. वर दोन चारोळ्या आल्या. तो एकच डबा असा होता की त्यात खरोखर श्रीखंड होतं.

सीमाचा हात तसाच राहिला. धम्मदीपने पळी घातली, पण आता काढण्यासारखं काही उरलं नव्हतं. पातेल्याचा रंग बदलत गेला.

"हिनं श्रीखंड कशाला आणलं असंल?" आत्याने विचारलं.

कुणाला माहीत नव्हतं. आता कळणारही नव्हतं. नानांनी पळीभर रस्सा तळहातावर घेऊन चाखला, डोळे मिटले, उघडले.

"वाढा," ते म्हणाले.

पंगत बसली. भात आणि अनिताकाकूंच्या भाकरी. त्या दारातून देऊन गेल्या आणि उद्या पातेलं घासायला येते म्हणाल्या. नानांनी सगळ्यांना वाढलं. आत्याने पहिला घास घेतला आणि आम्ही तिच्याकडे बघत राहिलो.

"गोड लागतंय," ती म्हणाली. दुसरा घास घेतला. "तिखाटबी लागतंय." मग तिचं काहीतरी जमलं असावं, कारण तिचा चेहरा मोकळा झाला. "बरं झालं. दुखवट्याचं गोडाचं आन् तिखटाचं एकदमच उरकलं. फिटलं समदं."

"आत्या, आपण ते पाळत नाही."

"पाळत न्हाई रं. पर फिटलं तर फिटू दे की."

सोनम ताटात तोंड घालून हसायला लागली. मग सीमा. मग धम्मदीप, ज्याला चार दिवसांत मी धड बसलेलंही पाहिलं नव्हतं. आत्याला कशाला हसतायत ते कळलं नाही, तरी तीही हसली आणि भाकरी मोडत म्हणाली, "म्हाद्या, मंग? दौंडला कवा निघायचं?" म्हाद्या हे नानांचं लहानपणचं नाव. कागदावर ते सोपानराव आहेत.

"न्हाई यायचो, आक्का."

"कारेगाव, नाना," धम्मदीप म्हणाला. "हॉलमध्ये दिवाण टाकू. सीमाचंही..."

"टाकू," सीमा म्हणाली. तिने ते मनापासून म्हटलं, मी तिच्याकडेच बघत होते.

नाना पातेलं ढवळत होते. "रविवारी सकाळी ये," ते धम्मदीपला म्हणाले. "रिकामं डबं घेऊन. शनिवारपातूर समदं घासून ठिवा. लसूण मी सोलतोच. उकडायचं कसं ते मी स्टुलावर बसून जन्मभर बघितलंय."

"तुम्ही करणार?"

"दोन तास उभं ऱ्हायाला मला काय झालंय? मग आठवडाभर कुनी उभं ऱ्हायाचं न्हाई." त्यांनी सीमाकडे पाहिलं. "तू तर न्हाईच."

सीमाने ताटावरची नजर उचलली नाही. आत्याने ताटातली भाकरी संपवली. मग म्हणाली, "मला एक डबा धाडशील ना? का दौंड तुझ्या लाइनीवर येत न्हाई?"

"गौतमी न्हेईल की. तिचाबी असतोय."

मग ते माझ्याकडे वळले. त्यांच्या हातात निळ्या झाकणाचा डबा होता, गरम केलेला, फडक्यात धरलेला. माझ्या ताटात त्यांनी पातेल्यातलं काही वाढलं नव्हतं, ते मला तेव्हा दिसलं. डब्यातलं भातावर ओतलं. तीन तुकडे, तिन्ही पायाचे. रस्सा लाल, तेल बाजूला सुटलेलं.

मी पहिला घास घेतला. मीठ बरोबर होतं. खोबरं किंचित जास्त भाजलेलं, तिला तसंच आवडायचं. आजूबाजूला बोलणं चालू होतं, कुणाचं मोठं पातेलं, किती कोंबड्या, सोनमला पिंजलेलं नको तुकडे हवेत. मी हळूहळू खाल्लं. एका माणसाचा डबा लवकर संपतो. हाडं कडेला लावली. भाताच्या शेवटच्या घासाने ताट पुसलं, आणि ताटात तळ दिसला.

नाना पळी घेऊन समोर उभे होते. तिच्यासारखेच, डावा हात कमरेवर.

"बास?" त्यांनी विचारलं.

माझा हात ताट झाकायला पुढे आला होता. मी तो मागे घेतला. सगळे माझ्याकडे बघत होते, का ते मला कळलं नाही. कदाचित मी रडत असेन. रिकामा डबा ओट्यावर होता, निळं झाकण बाजूला.

"नाही," मी म्हटलं. "अजून वाढ, आई."